सतरा नंबरच्या खांबावरचं पोतं

सतरा नंबरच्या खांबावरच्या दिव्याला खताचं रिकामं पोतं बांधलेलं होतं. वरून सुतळीचे चार वेढे. आत दिवा लागलेला होता, पण त्याचा उजेड पोत्याच्या तोंडातून खांबाच्या पायथ्याशी तेवढा पडत होता. बाकी सगळं वळण अंधारात.

"हे कोणी बांधलं?" मी विचारलं.

ग्रामसेवकांनी वायरमनकडे पाहिलं. वायरमन रूपचंदने आभाळाकडे पाहिलं.

"परवा वारा होता जी," तो म्हणाला.

"वाऱ्याने सुतळीला गाठ मारली?"

"दोन मारल्या, साहेब," ग्रामसेवक म्हणाले. "आमच्या गावचा वारा हुशार आहे."

आम्ही तिघेही हसलो. हे हसणं मला अजून आठवतं, म्हणून आधी तेच लिहिलं.

मी वीज खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. निवृत्तीनंतर नागपूरच्या एका लहान कन्सल्टन्सीचं काम करू लागलो. काम एनर्जी ऑडिटचं. म्हणजे एखाद्या गावात, शाळेत, राइस मिलमध्ये जायचं, वीज कुठे वाया जाते ते शोधायचं, आणि कमी विजेत तेच काम कसं होईल ते लिहून द्यायचं. आमगाव तालुक्यातल्या या गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाची काही चूक नव्हती. रस्त्यावरच्या जुन्या चाळीस वॅटच्या ट्यूब काढून वीस वॅटचे एलईडी दिवे लावायचे, असा तो प्रोजेक्ट होता. एकूण चौऱ्याऐंशी दिवे. डिझाइन माझं होतं.

हे काम मला मनापासून आवडत होतं, हेही सांगितलं पाहिजे. ग्रामसभेत मी स्वतः बोललो होतो. एक दिवा कमी वीज खातो म्हणजे कुठेतरी तेवढा कोळसा जळत नाही, तेवढा धूर होत नाही, असं मी लोकांना समजावलं होतं. वाचनाची सवय असल्यामुळे मला ते नीट मांडताही येतं. लोकांनी शांतपणे ऐकलं होतं. पर्यावरणासाठी काही केलं असं म्हणावं, असं हे माझ्या आयुष्यातलं पहिलंच काम होतं.

त्या संध्याकाळी हँडओव्हर इन्स्पेक्शन होतं. हँडओव्हर म्हणजे काम पूर्ण करून ग्रामपंचायतीच्या ताब्यात देणं. त्यासाठी प्रत्येक दिवा लागलेला पाहायचा, मोबाईलवर त्याचा फोटो घ्यायचा, फॉर्मवर बरोबरची खूण करायची. नियम साधा होता. शंभर टक्के दिवे चालू असले तरच सर्टिफिकेट. दिवाळीनंतर गावाची मंडई होती आणि तिथे ते सर्टिफिकेट सरपंचांच्या हाती द्यायचं ठरलं होतं. झाडीपट्टीबाहेरच्या, म्हणजे पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक किंवा दंडारीचं लोकनाट्य. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि प्रत्येक घर आपल्याकडचा सगळ्यात चांगला तांदूळ त्यांच्यासाठी रांधतं.

"काढा ते," मी रूपचंदला म्हणालो.

त्याने शिडी लावली. दोन पायऱ्या चढला असेल, तोच मागून आवाज आला.

"काऊन काढून राहिला रे रूपचंद? कालच तं बांधलास ना?"

रूपचंद शिडीवरच थांबला. ग्रामसेवक म्हणाले, "हा घ्या, साहेब, आमचा वारा."

"म्हातारी आयकेच ना जी," रूपचंद खाली न बघता म्हणाला. "बोलावलं, जेवू घातलं, अना मंग चढवलं वर."

बाई बांधावरून रस्त्यावर आल्या. साठी ओलांडलेली, अंगाने किरकोळ बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय पोटरीपर्यंत चिखलात. ग्रामसेवकांनी ओळख करून दिली. सायत्राबाई. वळणावरची बांधी त्यांची. आमच्या जिल्ह्यात बांध घातलेल्या धानाच्या, म्हणजे भाताच्या, तुकड्याला बांधी म्हणतात. ही अगदी लहान होती, एखाद्या शाळेच्या अंगणाएवढी.

"साहेब, ते पोतं राहू द्या," त्या म्हणाल्या. "दसरा झाला तरी माया धान निसवून नाही राहिला."

निसवणं म्हणजे धानाची लोंबी पानाच्या आवरणातून, म्हणजे पोटरीतून, बाहेर पडणं. ती बाहेर पडली नाही, तर दाणा कुठून येणार?

"त्याचा दिव्याशी काय संबंध, मावशी?"

"मले काय मालूम काय संबंध. दिवा लागला अना धान अडला, एवढं दिसते मले."

मी शेजारच्या बांधीकडे पाहिलं. ती त्याच दिव्याखाली होती, उलट खांबाला जास्त जवळ होती. पोत्यातून आणि पलीकडच्या सोळा नंबरच्या दिव्यावरून जो उजेड येत होता, त्यात तिथल्या लोंब्या दाण्यांच्या भाराने झुकलेल्या स्पष्ट दिसत होत्या. इंजिनिअरला असा पुरावा हवाच असतो. एकच दिवा, दोन बांध्या. एक पिकली, दुसरी पिकली नाही. मग दोष दिव्याचा कसा?

मी तसं म्हणालो.

"तो कंपनीच्या बिजाचा धान आहे जी," सायत्राबाई म्हणाल्या. "त्याचे दिवस ठरले राहतेत. हा माया सासूचा धान. लवकर लावा का उशिरा लावा, दसऱ्याच्याच वक्ती निसवते. आजवर कधी चुकला नाही. सासू चुकली असन, धान नाही चुकला."

रूपचंद वरून हसला.

"हसू नोको, पडशीन," बाई त्याला म्हणाल्या आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "साहेब, गावात हा धान आता कोनाकडेच नाही. सारे कंपनीचा लावतेत. मंडईले पावन्यायसाठी मायाकडूनच पायलीपायली नेतेत. औंदा निसवला नाही तं बीज कोनाकडून मागू?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी अक्षरशः लिहितो.

"बांधावर तं या. तठी मोहाचं झाड आहे पाहा. त्याच्या बुडाची सावली पडते दिव्यानं. त्या सावलीत लोंब येऊन राहिली. उजेडात नाही. दहा पावलं आहे, साहेब. या ना."

मी खाली पाहिलं. पायात बूट होते. बांध निसरडा होता. माझ्या हातातल्या फॉर्मवर सोळा खुणा झाल्या होत्या आणि अडुसष्ट बाकी होत्या.

"नंतर पाहतो," मी म्हणालो.

"कवा?"

"येतो ना, मावशी."

ग्रामसेवक म्हणाले, "आजी, सरकारी दिव्याला हात लावायचा नसतो. नोटीस काढावी लागेल." ते बहुधा घाबरवण्यापुरतंच होतं. मी रूपचंदला हाताने खूण केली. त्याने सुतळी कापली. पोतं खाली पडलं आणि सगळं वळण एकदम पांढरं झालं. मी फोटो घेतला. सतरा नंबर, बरोबरची खूण.

सायत्राबाईंनी पोतं उचललं, झटकलं, चार घड्या घातल्या आणि काखेत धरलं.

"तुमच्याकडे सही आहे जी," त्या म्हणाल्या. "मायाकडे एक पोताच होता."

फॉर्मच्या खाली शेऱ्याची जागा असते. तिथे मी लिहिलं: एका शेतकरी महिलेची तक्रार ऐकली, तीत तथ्य आढळले नाही, त्याच दिव्याखालील शेजारचे पीक सामान्य आहे. खाली सही केली.

गोंदियाला घरी पोचलो तेव्हा नलू, माझी पत्नी, आतल्या खोलीत पलंगाला टेकून बसली होती. त्या काळात तिची केमो चालू होती. दर तीन आठवड्यांनी नागपूरला जायचं, दोन दिवस उलट्या, मग थोडे बरे दिवस. तो बऱ्यापैकी दिवसांतला एक होता. मी रोज तिला कामावरचं काहीतरी सांगत असे, शक्यतो हसण्यासारखं. त्या दिवशी मी वाऱ्याने मारलेल्या गाठीची गोष्ट सांगितली. ती हसली. मग मी सायत्राबाईंचं बोलणं सांगितलं, त्यांच्या बोलीची नक्कल करत.

ती हसायची थांबली.

"काय म्हणाल्या त्या? नक्कल न करता सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"लवकर लावा का उशिरा लावा, दसऱ्यालाच निसवतो. असंच म्हणाल्या?"

"हो."

"आणि सावलीत लोंब आहे?"

"असं त्यांचं म्हणणं."

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही."

नलूने ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवण्यात उभी नोकरी घालवली होती. आजारपणात आवाज बारीक झाला होता, पण शिकवताना तो पूर्वीसारखाच व्हायचा.

"त्या बाई बरोबर आहेत," ती म्हणाली. "काही झाडं फुलायची वेळ रात्रीच्या लांबीवरून ओळखतात. पावसाळा सरतो, रात्र मोठी होत जाते. ती पुरेशी मोठी झाली की झाड लोंबी काढायला घेतं. जुने उशिराचे धान असेच असतात. म्हणून कधीही लावा, निसवतात एकाच वेळी. नव्या वाणांचं तसं नाही, ते ठरलेल्या दिवसांत पिकतात. म्हणून तुमच्या त्या शेजारच्या बांधीला काही झालं नाही."

"पण रात्र तर तेवढीच आहे ना."

"तुमच्यासाठी. त्या धानाच्या डोक्यावर तुमचा दिवा आहे. त्याच्यासाठी अजून दिवस मावळलेलाच नाही."

"चांदणं असतंच की."

"तुमच्याकडे ते मीटर आहे ना, उजेड मोजायचं? चांदण्यात धरा आणि मग दिव्याखाली धरा. हे अकरावीच्या पुस्तकात असतं. इतकी वर्षं शिकवलं, पण घरातल्या विद्यार्थ्याने कधी ऐकलं नाही."

मला समजलं नाही असं नव्हतं. तिच्या दुसऱ्या वाक्यालाच सगळं समजलं होतं. आधी त्या खांबावर ट्यूब होती, ती कित्येक वर्षं बंद पडलेली. सायत्राबाईंच्या बांधीवर उजेड असा कधी पडलाच नव्हता. मी श्रावणात तिथे नवा दिवा लावला. पेटीत सेन्सर बसवला. अंधार पडला की दिवे आपोआप लागायचे, उजाडलं की विझायचे. एका रात्रीचाही खंड नाही. याचाच मला अभिमान होता.

"उद्या फोन करा," नलू म्हणाली. "पोतं परत बांधू द्या. अजून वेळ आहे. आत्ता अंधार मिळाला तर महिन्याभरात लोंबी येईल. उशिरा येईल, थोडी येईल, पण बियाणं तरी होईल."

"करतो," मी म्हणालो.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. चूक कोणाकडूनही होते. पुढचं मात्र चूक या शब्दात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन हातात घेतला. ग्रामसेवकांचा नंबर काढला. तेवढ्यात आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन आला. वयाने माझ्या मुलासारखा, बोलायला गोड.

"सर, रिपोर्ट मिला. एटी-फोर आउट ऑफ एटी-फोर! क्या बात है. एकदम क्लीन."

मी म्हणालो, "एका दिव्याबद्दल बोलायचं होतं."

"बंद आहे?"

"नाही, चालू आहे."

"मग काय प्रॉब्लेम, सर?"

मी सांगायला सुरुवात केली असती तर दोन मिनिटं लागली असती. पण मला दिसलं ते पुढचं सगळं. शेरा बदलावा लागणार. तीत तथ्य आढळले नाही, हे माझ्या अक्षरातलं वाक्य मलाच खोडावं लागणार. डिझाइन करताना रस्त्याकडेच्या शेतांचा विचार केला होता का, असं कोणीतरी विचारणार, आणि त्याचं उत्तर नाही असंच होतं. एक दिवा झाकला की शंभर टक्के राहणार नाहीत आणि मंडईचा कार्यक्रम अडणार. कोळसा आणि धूर यांवर मी जिथे भाषण दिलं होतं, त्याच गावात सांगावं लागणार, की मी या बाईचं ऐकायला बांधावर उतरलो नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "नंतर बोलू."

ग्रामसेवकांना फोन केला नाही. रूपचंदलाही नाही. त्याला नुसतं, बांध बाबा पोतं, एवढं म्हटलं असतं तरी त्याने आनंदाने बांधलं असतं. नलूच्या आजारपणाचं कारण इथे देता येईल आणि वाचक ते मान्यही करतील. पण ते खरं नाही. त्या आठवड्यात मी बाकीचे सगळे फोन करत होतो.

चार दिवसांनी तिने विचारलं, "केला का फोन?"

"केला."

"बांधलं पोतं?"

"बांधलं."

ती डोळे मिटून पडली. "बरं झालं," म्हणाली.

दिवाळी नागपूरच्या हॉस्पिटलमध्ये गेली. मंडईला मी गेलो. जायचं नव्हतं, पण नलूनेच पाठवलं. स्टेजवर सरपंचांना सर्टिफिकेट दिलं, मला शाल आणि श्रीफळ मिळालं. मी बोललोही. सगळं गाव माझ्या दिव्यांनी उजळलं होतं आणि लोक खरंच खूश होते. बायकांना रात्री घरी परतताना आता भीती वाटत नाही, असं दोघीतिघींनी मुद्दाम येऊन सांगितलं. तेही खरं होतं. मी वळणाकडे गेलो नाही. सतरा नंबरचा दिवा दुरून दिसत होता. त्यावर पोतं नव्हतं.

परत आल्यावर नलूने विचारलं, "त्या बाई भेटल्या?"

"भेटल्या."

"निसवला का त्यांचा धान?"

"हो, निसवला," मी म्हणालो.

तिला खूप आनंद झाला. आजाराच्या शेवटच्या महिन्यांत मी तिला इतकं आनंदलेलं क्वचितच पाहिलं. "मुलांना सांगायला किती छान उदाहरण आहे," ती म्हणाली. "एका बाईने मोहाच्या सावलीवरून शोधून काढलं. मीटर नाही, पुस्तक नाही." पुढे तिला भेटायला जो येई त्याला ती हे सांगे. तिच्या जुन्या विद्यार्थिनी येत, त्यांनाही सांगे. शेवट ठरलेला असे: मग आमच्या ह्यांनी फोन केला आणि धान निसवला. मी बाजूच्या खुर्चीत बसलेला असे.

माघात ती गेली.

माणूस गेल्यावर लोक धीर देतात, तुम्ही सगळं केलंत म्हणतात. मलाही म्हणाले. सेवा केलीत, काही कमी पडू दिलं नाहीत. मी मान हलवत असे. महिनाभर मी पुस्तक उघडलं नाही. ओळ वाचायचो आणि ती डोक्यात शिरायचीच नाही. मग एका सकाळी आमगावची बस धरली.

फाल्गुन संपत आला होता. बांध्या कोरड्या पडल्या होत्या, ढेकळं आणि धसकटं. वळणावर मोहाचं झाड होतं आणि त्याखाली सायत्राबाई मोहफुलं वेचत होत्या. मी चपला काढल्या आणि बांधावर उतरलो. पावलं मोजली. तेरा भरली.

"कोन?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दिव्यांचं काम केलं होतं, तो साहेब."

"हां. सहीवाला."

मी उभाच राहिलो. वाटेत जे ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना. मग सरळ सांगितलं. तुमचं म्हणणं बरोबर होतं. दिव्यामुळेच धान अडला. माझी पत्नी कॉलेजात हे शिकवायची, तिनेच मला समजावलं.

त्यांनी वर पाहिलं. "कवा समजावलं?"

"मी इथून गेलो त्याच संध्याकाळी."

"त्याच संध्याकाळी?"

"हो."

"म्हंजे तुमाले मालूम होता."

"होतं."

"मंग फोन काऊन नाही केला जी? मी दोन हप्ते रूपचंदले विचारून राहिली, साहेब आले का, साहेब येतो म्हणाले होते. तो म्हणे, साहेबाच्या सहीबिगर मी आता चढत नाही, नोकरी जाईन. धान हिरवाच उभा राहिला. मंग थंडी पडली. कापून बैलाले घातला."

त्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"शरम वाटली," मी म्हणालो.

"कोनाची?"

"चुकलो असं लिहायची."

"अना आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटते."

त्यांनी टोपली माझ्या बाजूला सरकवली.

"मंग उभे काऊन? बसा. फुलं येचा."

मी बसलो. मोहफुलं वेचणं सोपं दिसतं. वाळका पाला दूर सारायचा, फूल दाबलं जाऊ न देता उचलायचं. माझी चार होईपर्यंत त्यांची पंचवीस होत होती.

"बाई नाही आल्या संग?" त्यांनी मध्येच विचारलं.

"गेली. माघात."

त्यांचा हात थांबला. "बिमार होत्या?"

"हो."

"बाईले मालूम होतं का, तुमी फोन नाही केला ते?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारणारं कोणी नव्हतंच.

"नाही," मी म्हणालो. "मी तिला सांगितलं, फोन केला. धान निसवला, असंही सांगितलं. ती खूश झाली. तेच मानून गेली."

टोपलीत मूठभर फुलं टाकून सायत्राबाई म्हणाल्या, "सारा नाही निसवला. पन सावलीतला निसवला ना. ह्या बुडाच्या सावलीत. एक पट्टाच होता, पन दाना भरला. सूपभर बीज निंगालं." त्यांनी झाडाच्या खोडावर हात ठेवला. "तेवढं तं खरं बोलले तुमी."

त्या मला सोडवत होत्या, हे कळत होतं. पण ते सूपभर बियाणं मला माहीत नव्हतं. मी नलूला सांगितलं तेव्हा माझ्या मते सगळी बांधी फुकट गेली होती. त्यामुळे ते खरं बोलणं नव्हतं. मी त्यांना तसं म्हणालो नाही. मान खाली घालून वेचत राहिलो. टोपली भरायला बराच वेळ लागला.

त्या दिवशी दुपारी रूपचंदला घेऊन मी सतरा नंबरवर पत्रा बसवला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, बांधीच्या बाजूने वाकवून. रस्त्यावर उजेड राहिला, बांधीकडे अंधार झाला. अशा आडोशाला आमच्या भाषेत शील्ड म्हणतात आणि दिव्यांच्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ते मिळतं. डिझाइन करताना मी ते पान उलटून पुढे गेलो होतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर मीटर धरून बांधीच्या चारही कोपऱ्यांत उजेड मोजला. सायत्राबाई माझ्या मागे मागे आल्या.

"हे मशीन काय सांगते?"

"अंधार आहे, म्हणतं."

"ते तं मले बी दिसून राहिलं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन पत्र लिहिलं. खांब क्रमांक सतराबाबत मी दिलेला शेरा चुकीचा आहे. तक्रार खरी होती. ती तपासण्यासाठी मी शेतात उतरलो नाही. खरी असल्याचे त्याच दिवशी समजूनही मी कळवले नाही. खाली सही. एक प्रत कन्सल्टन्सीला, एक ग्रामपंचायतीला. मॅनेजरचा लगेच फोन आला.

"सर, फाइल तो क्लोज हो गई. आता हे कुठे लावू?"

"त्याच फाइलला लावा."

"एका बाईच्या एका बांधीसाठी?"

"हो."

"सर, तुम्ही ठीक आहात ना? म्हणजे मॅडमनंतर..."

"ठीक आहे. लावा."

त्याने पत्र फाइलला लावलं की नाही, मला माहीत नाही. पण त्याने मला कामावरून काढलं नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी दोन दिवस रूपचंदचा फोन आला. मागे सायत्राबाईंचा आवाज येत होता, सांग ना रे, सांग लवकर.

"साहेब, निसवला जी. साऱ्या बांधीत. म्हातारी म्हणते, येऊन पाहून जा, अना बूट घालून येऊ नोका म्हणावं."

"येतो," मी म्हणालो. फोन ठेवला आणि सवयीने आतल्या खोलीकडे वळलो. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं.

त्या वेळी मात्र मी गेलो. दुसऱ्याच दिवशी, चपला घालून.

मी अजून हेच काम करतो. एलईडी दिव्यांवर माझा विश्वास कमी झालेला नाही. वीज वाचते, कोळसाही वाचतो, आणि गावातल्या बायका निर्धास्तपणे घरी जातात. बदल फक्त फॉर्ममध्ये झाला आहे. दिवा चालू आहे का, असा रकाना त्यात पहिल्यापासून होता. त्याखाली मी पेनने एक रकाना आखतो: दिवा कुठे नको? मॅनेजरला तो आवडत नाही, कारण कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. बहुतेक गावांत तो रिकामाच राहतो. तरी मी विचारतो, दिवसाउजेडीच आणि बांधावर उतरून. कोणी काही सांगितलं तर त्याच दिवशी फोन करतो.